वाढणारीचं ताट

त्या वेळी कोणत्या राजाचं राज्य होतं हे सांगणारंही आता कुणी उरलं नाही, इतकी जुनी ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावीच. पण मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण हिच्यातली चूक मोठ्यांची आहे.

एका उंच डोंगराच्या पठारावर एकच घर होतं. घरात म्हातारे सासू-सासरे, त्यांचे दोन मुलगे, थोरली आणि धाकटी अशा दोन सुना, थोरलीची दोन पोरं आणि धाकटीच्या अंगावर पिणारं एक तान्हं. पठारावर नाचणीची शेतं होती, पण खाली गावात उतरायला वाट एकच, कड्याच्या अंगानं गेलेली.

त्या घराची एक रीत होती. वाढणारीच्या टोपात कुणी डोकावायचं नाही. डोकावणं म्हणजे तिच्या हातावर अविश्वास दाखवणं. सगळे जेवून उठले की वाढणारी शेवटी जेवायची, एकटी, भिंतीकडे तोंड करून. रीत ऐकायला किती शालीन वाटते, नाही? पुढे ऐका.

एका वर्षी ऐन पावसाळ्यात कडा खचला आणि वाट दरडीखाली गेली. नवी नाचणी अजून शेतात हिरवीगार होती, तिच्या कणसात दाणाही भरला नव्हता. जुनी होती ती कणगीच्या तळाशी. दोघे भाऊ कुदळ-पहार घेऊन वाट मोकळी करायला लागले, पण वरून पाऊस माती आणून टाकायचा आणि कालची वाट आज पुन्हा बुजायची.

म्हाताऱ्यानं थोरलीला कणगीपाशी बोलावलं. आत वाकून बघितलं. मग म्हणाला, "पोरी, वाट सुटेपर्यंत एवढ्यावर सगळ्यांना उभं ठेव. हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

त्या दिवसापासून थोरली रोज उठल्या उठल्या आधी कणगीत हात घालून बघायची.

बाई हाताची हुशार होती, यात वाद नाही. भाकरी बंद करून तिनं पेज सुरू केली. पेजेत कुर्डूचा पाला, भारंगीची पानं घातली. रानातलं अळू घशाला खाजतं, म्हणून त्यात चिंच पिळली. रोज चव बदलायची, म्हणजे पोरं कुरकुरायची नाहीत. आणि रानातून ती कडूकंद खणून आणायची. हा कंद पोट भरतो, पण तसाच खाल्ला तर जिवावर बेततो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकळायच्या, टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या धारेत ठेवायच्या. सकाळी एक चकती जिभेला लावून बघायची. जीभ चुरचुरली तर टोपली पुन्हा ओढ्यात. हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. सासरी हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिनंही कुणाला दाखवलं नाही.

कणगी खाली खाली जात होती. ओढ्यावर असताना थोरली कान देऊन कुदळीचा आवाज ऐकायची. आवाज मंद झाला की तिला वाटायचं, भावांच्या अंगातलं बळ सरलं. तान्हं रडायला लागलं की वाटायचं, धाकटीचं दूध आटलं. मग तिनं आपल्या वाटची पेज भावांच्या आणि धाकटीच्या ताटात ओतायला सुरुवात केली. आधी थोडी, मग सगळीच.

कुणाला कळू नये म्हणून सगळे उठले की ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि रिकाम्या टोपात पळी वाजवायची. बाहेर आवाज जायचा. घर समजायचं, थोरली जेवते आहे. ती मात्र मीठ टाकलेलं गरम पाणी प्यायची आणि उठायची.

खरं सांगायचं तर तिला त्यात एक सुख होतं. सासरा म्हणायचा, "हिच्या हाताला बरकत आहे." ते ऐकून तिची मान ताठ व्हायची. भूक आतून कुरतडत होती, आणि ती त्या भुकेलाच दागिन्यासारखं मिरवत होती, मनातल्या मनात.

पण शरीर कौतुकावर चालत नाही. तिचे हात कापायला लागले. चुलीपाशी जायची आणि कशाला आलो ते विसरायची. ओढ्यावर उभी राहून कोणती टोपली कालची आणि कोणती आजची, हे आठवत बसायची. कुणाला सांगावं असं एकदाही तिच्या मनात आलं नाही. आणखी एक गोष्ट झाली. तिनं चकती जिभेला लावणं सोडलं. एक घास तोंडात गेला तर आपला हात थांबणार नाही, पोरांच्या वाटचंही आपण खाऊन टाकू, अशी तिला धास्ती बसली होती.

आणि एके दिवशी तिनं चुकीची टोपली उचलली.

दुपारी सगळे जेवले. थोड्याच वेळात धाकट्या पोरानं घसा धरला. मग थोरलं पोर आडवं झालं, मग धाकटी, मग दोघे भाऊ अंगणात ओकत बसले. म्हातारा भिंतीला धरून उठायला गेला आणि तिथंच कोसळला. सगळ्यांच्या तोंडाची आग होत होती, डोळ्यांपुढे घर फिरत होतं. थोरली पाण्याचा तांब्या घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे धावत होती. तान्हं सोडलं तर घरात धडधाकट अशी ती एकटीच उरली होती.

दुसऱ्या दिवशी धाकट्या दिराच्या अंगात बोलण्याइतकं त्राण आलं. त्यानं तिच्याकडे बघितलं.

"वहिनी, आम्ही सगळे पडलो. तुम्ही कशा उभ्या?"

"मी ते खाल्लं नाही, भाऊजी."

"का नाही खाल्लं? त्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं?"

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. आपण कितीतरी दिवस जेवलोच नाही, असं ती सांगू लागली. दीर म्हणाला, रोज पळीचा आवाज आम्ही कानांनी ऐकतो, मग खोटं कुणाचं, तुमचं की आमच्या कानांचं? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. दुखण्यानं मिटले की आणखी कशानं, हे तिला कळेना. ज्यांच्यासाठी आतडी सुकवली, ती माणसं आता तिच्या हातचं पाणीही घेईनात. धाकटीनं तान्ह्याला उचलून पदराआड केलं.

तेव्हा सासू खाटेवरून उतरली. चालवत नव्हतं, तर सरपटत आली. तिनं थोरलीचा हात हातात घेतला आणि मनगटातल्या काचेच्या बांगड्या वर सरकवल्या. बांगड्या कोपराला न अडकता थेट दंडापर्यंत गेल्या. दंड कसला, काठी होती ती.

दिरानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

आता तुम्हाला वाटेल, सासूनं सुनेला पोटाशी धरलं असेल. नाही धरलं.

"आमच्यासाठी उपाशी राहिलीस, असं वाटतं ना तुला?" सासू म्हणाली. "या घरातल्या सगळ्यांचा जीव तुझ्या हातात होता, आणि तेच हात तू वाळवून टाकलेस. मला सांगितलं असतंस तर माझ्यातली अर्धी वाटी तुझ्या पुढ्यात ठेवली असती. सांगितलं नाहीस, कारण मग कौतुकही अर्धंच मिळालं असतं."

थोरलीच्या डोळ्यांना धार लागली. सासूनं तिच्या बांगड्या परत मनगटावर आणल्या.

"आणि ही रीत तुला शिकवली मी. म्हणजे निम्मी विषाची टोपली माझ्या डोक्यावर."

हळूहळू पोरं सावरली, धाकटी सावरली, भाऊ उठून बसले. म्हातारा मात्र उठला नाही. पाऊस जरा थांबला तेव्हा त्याला पठारावरच अग्नी दिला. खांदे द्यायला दोघेच मुलगे, तेही वाटेत दोनदा थांबले.

मग पेज शिजवली. सासूनं पहिलं ताट थोरलीपुढे ठेवलं, सगळ्यांच्या देखत. तिची दोन्ही पोरं समोर बसली होती, ताटाकडे टक लावून. थोरलीनं घास उचलला आणि तो तसाच हातात धरून बसली. उपाशी राहणं तिला जमलं होतं. उपाशी लेकरांसमोर जेवणं तिला जमत नव्हतं.

तिनं ताट पोरांकडे सरकवलं. सासूनं ते परत तिच्यापुढे आणलं.

"गीळ," ती म्हणाली. "तू संपवल्याशिवाय या घरात कुणाला मिळायचं नाही. मलाही नाही."

धाकटं पोर म्हणालं, "आई, लवकर खा ना गं. मला भूक लागलीय."

थोरलीनं डोळे पुसले आणि शेवटच्या घासापर्यंत जेवली. मग तिनं सगळ्यांना वाढलं. हात कापला नाही.

पुढे ती रोज तशीच जेवली. वाटण्या लहान झाल्या, पण सगळ्यांच्या झाल्या. कडूकंद कसा धुवायचा हे तिनं धाकटीला शिकवलं, दिराला शिकवलं, पोरांनाही शिकवलं. वाट सुटायला फार उशीर लागला. सुटली तेव्हा ते घर खाली उतरलं, वाळलेलं, काळवंडलेलं, पण आपल्या पायांनी उतरलं. म्हातारा तेवढा वरच राहिला, आणि त्याची आठवण निघाली की थोरलीला पुढे जन्मभर कुणी थोर म्हटलेलं सोसलं नाही.

तात्पर्य: ज्याच्या हातात चार जिवांचं अन्न आहे, त्यानं आपली भूक लपवणं हा त्याग नव्हे, ती त्या चार जिवांची केलेली हयगय आहे.