दोघी जावांच्या पन्हळीची कहाणी

ऐका भिंतमाउली, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, त्या नगरात पाऊस फार. तिथं दोघी जावा एका घरी नांदत. थोरली सगुणा, धाकटी आवडी. सगुणेला एक लेक, ठमी. आवडीची कूस उजवली नव्हती, पण ठमी सारा दिवस तिच्याच कडेवर. पुढं काय झालं? भावाभावांत बिनसलं. घराची वाटणी झाली. मधोमध भिंत घातली, दोन छपरं केली. दोन्ही छपरांचं पाणी वाहून न्यायला भिंतीच्या माथ्यावर लाकडी पन्हळ ठेवली. भांडी वाटली, पाट वाटले, उखळ एकीला गेलं, मुसळ दुसरीला. पन्हळ तेवढी कुणाच्याच वाट्याला आली नाही. सगुणेनं ठमीला दटावलं, "काकूकडे गेलीस तर तंगडं मोडीन."

मग पावसाळा आला. सगुणेच्या भिंतीला बुरशी धरली. आधी ठिपके, मग डाग, मग काळी साय. तिनं चुना कालवला, बुरशीवर फासला. चुन्यातून बुरशी वर आली. मग तिनं कणग्या सरकवून भिंत झाकली. कणगीमागून बुरशी वर आली, दाण्याला कुबट वास लागला. मग तिनं खिडकी घट्ट लावली, धूप जाळला. बुरशी कसली जाते! वास मात्र घरातच कोंडला. हसू नका ग बायांनो, तुमचं कपाट तरी कुठं भिंतीपासून लांब आहे?

मग ठमीला खोकला लागला. छातीत शीळ वाजू लागली. पोर जेवेना, खेळेना, बसल्या बसल्या श्वास ओढी. सगुणा म्हणे, "ही आवडीचीच करणी. तिला पोर नाही, म्हणून माझं बघवत नाही." अहो, जिनं पोरीला न्हाऊमाखू घातलं, ती करणी करील? पण डोक्यात राग शिरला की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

एके दिवशी एक म्हातारी दारी आली. हातात केरसुणी, लुगड्यावर चुन्याचे शिंतोडे. म्हणाली, "लेकी, घटकाभर टेकू दे." सगुणेनं पाट दिला. म्हातारी भिंतीला टेकली, तशी झटकन उठली. पाठ ओली झाली होती.

"अग बाई, ही भिंत रडते आहे. कुणी रडवली?"

"पलीकडचीनं. करणी केलीय तिनं."

"बरं, बघून येते हो."

मग म्हातारी आवडीकडे गेली. तिथं तीच बुरशी, तोच वास. आवडीचे डोळे रडून सुजलेले. म्हणाली, "आजी, ही जाऊबाईंची करणी. पोर तर तोडलीच माझी, आता घरही खायला निघाल्या."

म्हातारी आधी हसली, मग रागावली. दोघींना अंगणात बोलावलं. "अग खुळ्यांनो, करणी असती तर एकीच्याच घरी असती. वर बघा. ती पन्हळ कोण साफ करतं?"

"ती माझी नाही," सगुणा म्हणाली.

"माझीही नाही," आवडी म्हणाली.

"मग पाणी भिंतीत मुरतं, ते कुणाच्या लेकराच्या छातीत जाऊन बसतं? मी वसा सांगते. घ्याल का?"

सगुणेनं खोकणाऱ्या ठमीकडे पाहिलं. "घेईन, आजी. माझी पोर तेवढी बरी होऊ दे."

"हा वसा एकटीनं करायचा नाही. एकीनं शिडी धरावी, दुसरीनं चढावं. आधी पन्हळ मोकळी करावी. मग पोराबाळांना दूर बसवावं, आपल्या नाकाला पदर बांधावा, बुरशी ओल्या फडक्यानं पुसावी. सडलं ते टाकावं, अंथरुणं उन्हात घालावी, कणग्या भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्या, खिडकी उघडावी. भिंत वाळेतो चुन्याला शिवू नये. दर साली पावसाआधी पन्हळ साफ करावी, आणि त्या दिवशीची पहिली भाकरी भिंतीपलीकडे द्यावी." एवढं सांगून म्हातारी दिसेनाशी झाली.

आवडीनं शिडी आणली. सगुणा पायरीवर थबकली. म्हणाली, "मधेच सोडशील."

आवडी म्हणाली, "तुमची लेक कधी कडेवरून सोडली का मी?"

सगुणा चढली. पन्हळीत पाला, शेवाळ, चिखल. ती उपसू लागली, तो हाताला पुरचुंडी लागली. चिंधीत बांधलेला लाडू, पार सडलेला. मग दुसरी पुरचुंडी, शेंगदाण्यांची, कोंब फुटलेली. मग भातुकलीचं बोळकं. पन्हळीचं तोंडच बुजून गेलं होतं.

सगुणा वरून ओरडली, "ठमे, हे काय ग?"

ठमीला रडू फुटलं. "काकूचा वाटा आहे तो. मी कौलांवर टाकत होते, घरंगळत पलीकडे जाईल म्हणून."

"मी बजावलं होतं ना तुला?"

"तू जायचं नाही म्हणालीस, आई. द्यायचं नाही असं कुठं म्हणालीस?"

तोच शिडी हलली. सगुणेनं कौल घट्ट धरलं. खाली पाहते, तो आवडी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून हुंदके देत होती. सगुणा उतरली, ते बोळकं जावेच्या ओंजळीत ठेवलं. म्हणाली, "तुझं तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही मी. चुकले ग, आवडे." दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

मग दोघींनी वसा पुरा केला. पाणी वाहून गेलं, ऊन पडलं, भिंत वाळली, मग चुना दिला. हळूहळू ठमीच्या छातीतली शीळ थांबली. पोर अंगणात धावली, दोघींनी डोळे पुसले. पुढं नवऱ्यांनाही शहाणपण सुचलं. त्यांनी त्याच भिंतीत दार काढलं. आता ठमी अर्धा लाडू आपण खाई, अर्धा पळत जाऊन काकूला भरवी.

जशी भिंतमाउली त्यांना पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कंटाळू नये, धुसफुसू नये, घेतला वसा सोडू नये. आणि घरी गेल्यावर ते कपाट आधी पुढं ओढा ग. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरी सरली, कोरड्या घरी सुफळ झाली.