बरणीचं झाकण

“…मग आता अजून काय करायचं राहिलं, बाबा?”

ललिता लेकीला कडेवर घेऊन मठाच्या परसात उभी होती. दुसऱ्या हातात लोणच्याची छोटी बरणी. मठातले म्हातारे गिरीबाबा लिंबोणीच्या बुंध्याशी पाला पसरत होते.

तिच्या घरामागच्या मोसंबीला मावा लागला होता. कोवळे शेंडे चिकट, पानं आकसलेली. लेक अकरा महिन्यांची. दिवसभर त्याच झाडाखाली रांगते, पडलेलं पान तोंडात घालते. मामंजींनी सांगून टाकलं होतं, रविवारपर्यंत झाड साफ दिसलं नाही तर विषारी औषधाचा पंप येणार.

ते औषध झाडाला लागू द्यायचं नाही, एवढं ललितानं ठरवलं होतं.

आठ दिवस तिनं निंबोळीचा अर्क फडक्यातून गाळून फवारला होता. शिवाय रोज सकाळी अळ्या वेचल्या. हे सगळं तिनं सांगितलं, थोडं ठसक्यातच.

“एक म्हणून सोडली नाही,” ती म्हणाली आणि झाकण काढून बरणी पुढे केली.

आत वीसेक अळ्या वळवळत होत्या. काळ्या, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके.

“कुठं सापडल्या?”

“मावा जिथं दाट, तिथंच. याच आणतात त्याला.”

“हातानं वेचल्यास?”

“छे. चिमट्यानं. बघवत नाही त्यांच्याकडं.”

बाबांनी लिंबोणीचा एक शेंडा खुडला. त्यावरही मावा होता.

“तुमच्याकडं पण आहेच की,” ललिता म्हणाली.

“आहे थोडा.”

शेंडा तळहातावर ठेवून त्यांनी बरणीतली एक अळी त्यावर सोडली.

…

अळीनं माव्यातला एक किडा धरला. खाल्ला. दुसरा धरला.

ललिता वाकून बघत राहिली. लेकीनंही मान पुढं काढली.

बाबांनी लिंबोणीचं एक पान उलटं केलं. खाली लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा किडा बसला होता.

“याला ओळखतेस?”

ती हसली. हा तर रोज तिच्या लेकीच्या बोटावर चालायचा. याला तिनं कधी मारलं नव्हतं.

“बरणीतली ही त्याचीच लेकरं.”

…

आधीच्या सात दिवसांतल्या अळ्या तिनं साबणाच्या पाण्यात टाकल्या होत्या. ते तिनं खाली बघत सांगितलं. 

मग तिनं पदर खोचला.

“ह्या आत्ता जाऊन झाडावर सोडते. रविवारी पंप आला तर झाडाखाली मी बसलेली असेन. मामंजींना काय म्हणायचं ते म्हणू दे.”

तिनं बरणीवर झाकण ठेवलं आणि सवयीनं घट्ट फिरवलं. पुन्हा एकदा घट्ट.

बाबांनी झाकणासाठी हात पुढं केला.

“बाहेर येतील की, बाबा. वाटेत हिच्या अंगावर चढतील.”

“वरून तळहात लावून धर,” बाबा म्हणाले. “झाकण माझ्यापाशी राहू दे.”