घाण्यावरची अर्धी गोष्ट

खूप खूप जुनी गोष्ट आहे, बरं का. तेव्हा बैलसुद्धा बोलायचे, पण अगदीच गळ्याशी आलं तर!

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात येसबा तेली राहायचा. दारात तेलाचा घाणा, घाण्याला चांद्या नावाचा बैल आणि घरात गजरा नावाची बायको, तोंडानं फटकळ पण मनानं मऊ. येसबाला एकच नाद होता. गोष्टी रचायच्या आणि लिहून काढायच्या.

सकाळी चांद्याच्या डोळ्यांना झापडं बांधली, की येसबा घाण्याच्या फळीवर वजनाला बसायचा. बैल गोल गोल फिरायचा, तीळ चिरडायचे, आणि येसबा मोठ्यानं गोष्ट रचत राहायचा. दुपारी चांद्या वैरणीला लागला, की हा बोरू घेऊन सकाळची गोष्ट कागदावर उतरवायचा. असं त्याचं छान चाललं होतं.

त्या वर्षी त्यानं एका म्हातारीची गोष्ट धरली होती. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, म्हणून काठी टेकत टेकत एकटीच निघाली होती. एके सकाळी म्हातारी नदीत उतरली, पाणी कमरेला लागलं, आणि येसबाला असं काही झकास वाक्य सुचलं, की दुपारपर्यंत दम निघेना. त्यानं फळीवरच कागद मांडला आणि लागला लिहायला.

खाली तेलाचा हंडा काठोकाठ भरला. मग भरभरून वाहू लागला. येसबाला पत्ताच नाही!

नेमके पाटील तिथून चालले होते. देवीच्या दीपमाळेला येसबाच्याच घाण्याचं तेल जायचं. आजोबा-पणजोबांपासूनचा तो मान होता. ते तेल मातीत मुरताना पाहून पाटलांचा पारा चढला.

"येशा, देवीचं तेल जमिनीला पाजतोस? पौर्णिमा तोंडावर आलीय. एक तर घाणा सांभाळ, नाही तर बोरू! वेळेत तेल आलं नाही, तर मान पलीकडच्या गावाला जाईल."

येसबाचं तोंड एवढंसं झालं. त्यानं बोरू आणि कागद फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगले. "संपलं. आता फक्त घाणा," तो गजराला म्हणाला. नवऱ्याचा पडलेला चेहरा तिला बघवेना.

दुसऱ्या दिवशी येसबा ओठ मिटून फळीवर बसला. चांद्यानं चार पावलं टाकली, कान हलवले, आणि जो थांबला तो थांबलाच.

येसबानं चुचकारलं, ओरडला, गूळ चारला. गजरानं मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. वैदू येऊन जीभ बघून गेला. बैल ठणठणीत! पण पाऊल उचलेल तर शपथ. पौर्णिमा उद्यावर आली आणि हंड्याचा तळही झाकला नव्हता.

येसबाला रडूच फुटलं. चांद्याच्या गळ्यात पडून तो म्हणाला, "बाबा रे, का असा सूड घेतोस? वाडवडिलांचा मान चालला माझ्या हातून!"

तेव्हा चांद्या बोलला.

"त्या म्हातारीचं काय झालं?"

येसबा बघतच राहिला. "कोण म्हातारी?"

"कोण म्हणून काय विचारतोस? नदीत उभी केलीस तिला! कमरेएवढ्या पाण्यात कधीची कुडकुडतेय बिचारी. अरे, माझ्या डोळ्यांना झापडं. जन्म गेला या एका खुंटाभोवती. पण तुझ्या गोष्टीत मी डोंगर चढलो, बाजार हिंडलो. मला वाटायचं, मी कुठंतरी निघालोय. आता नुसताच फिरतोय. नुसतं फिरायला पाय उचलत नाहीत रे!"

"पण माझ्या नादापायी तेल सांडलं, चांद्या."

"नादापायी नाही, घाईपायी. तोंडानं गोष्ट सांग, कान धारेकडे ठेव. हंडा भरत आला, की धारेचा आवाज बदलतो, हे तुला मी सांगायचं? बोरूची वेळ दुपारची. ती दुपारीच असू दे."

येसबाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो हसला, डोळे पुसले आणि टुणकन फळीवर चढला. "तर मग काय झालं, त्या म्हातारीनं काठी घट्ट रोवली..."

चांद्या निघाला! घाणा कुरकुरला, तेलाची धार लागली. धारेचा आवाज बदलला, की येसबा खाली उतरायचा, हंडा बदलायचा आणि पुन्हा गोष्टीत शिरायचा. गजरानं आढ्यावरचं गाठोडं काढलं, धूळ झटकली आणि त्याच्या जेवणाच्या पानाशेजारी ठेवलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी दीपमाळ वरपासून खालपर्यंत उजळली. येसबानं हात जोडले, आणि कितीतरी दिवसांनी त्याला पोटभर श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी पाटील घाण्यावर आले. म्हणाले, "तेल चोख होतं हो." पण जाईनात. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेवटी फळीजवळ टेकले.

"येसबा, काल दारावरून जाताना थोडंसं कानावर पडलं. ती म्हातारी पोचली का रे समुद्राला?"

चांद्यानं नुसते कान हलवले.

तात्पर्य : पोटाचं काम आणि आवडीचं काम एकमेकांचे वैरी नसतात, ज्याची वेळ त्याला दिली, की दोन्ही एकमेकांना ओढून नेतात.