अंगठ्याआधीची एक ओळ

फाळणीनंतर वसलेल्या एका निर्वासित छावणीत बायकांना शिक्षिका होण्याचे शिक्षण देणारा वर्ग निघाला. वर्ग पुरा करणारीला नोकरी नक्की होती. सिंधमधून आलेली चेतीबाई दोन वर्षे पापड लाटून घर चालवत होती. तिने अर्ज केला.

छावणीचे अधिकारी तुळपुळे यांना हुद्द्याचा फार ताठा. त्यांनी विचारले, “शाळेचा दाखला कुठे आहे?”

“शाळा तिकडेच राहिली साहेब, दाखलाही तिकडेच राहिला. माझी इंग्रजी पाचवी झाली आहे.”

“असं सगळ्याच सांगतात. दाखला नाही, म्हणजे तू निरक्षर. या कागदावर वर्गाचे नियम आहेत, ते मान्य आहेत म्हणून अंगठा दे आणि जा पापड लाटायला.”

चेतीबाईने शाईला हात लावला नाही. ती म्हणाली, “निरक्षर बाईला आधी कागद वाचून दाखवतात ना, साहेब?”

रीत तशीच होती आणि दारातल्या रांगेत बायका ऐकत उभ्या होत्या. तुळपुळ्यांनी तो इंग्रजी कागद टेबलावर पसरला, ओळीवर बोट ठेवत भराभर अर्थ सांगितला आणि शाईची डबी पुढे सरकवली.

“तिसरी ओळ राहिली,” चेतीबाई म्हणाली. “दाखला हरवला असेल तर अर्जदाराची परीक्षा घ्यावी, असं तिथे लिहिलं आहे.”

तुळपुळे गोरेमोरे झाले. “मग मी वाचत होतो तेव्हाच का नाही बोललीस?”

“कागदाचं तोंड तुमच्याकडे होतं साहेब. उलटा वाचायला जरा वेळ लागला.”

रांगेत हशा पिकला. तुळपुळ्यांनी शाईची डबी मिटली आणि परीक्षा न घेताच चेतीबाईचे नाव वर्गाच्या यादीत लिहिले.