गोजराईच्या भिंतीतले गल्ले

फार वर्षांपूर्वी, एका पैशाला गाडगं मिळायचं तेव्हाची ही गोष्ट. तांबडवाडीत गोजरा नावाची कुंभारीण होती. ऐकायची असेल तर बूड टेकून ऐका, मधेच उठू नका. ही गोष्ट गोड नाही.

गोजराचा नवरा चाकावर बसला की माती त्याचं ऐकायची, पण हातात पैसा आला की तो कुणाचंच ऐकायचा नाही. उन्हाळ्यात माठ खपायचे, रांजण खपायचे, घरात पैसा खुळखुळायचा, आणि मग पाहुणे काय, जिलेबी काय, सोबत्यांना पान-सुपारी काय! पावसाळ्यात आवा पेटत नाही, भांडं भाजत नाही, कुंभाराचा हात रिकामा. तेव्हा तेच घर दुसऱ्याच्या दारात पिठासाठी रिकामी परात घेऊन उभं. गोजरा दरवर्षी म्हणायची, "थोडं बाजूला काढा की हो." आणि तो दरवर्षी म्हणायचा, "उरलं तर काढू."

उरलं तर! उरत असतं होय कधी?

एका आषाढात त्यांची धाकटी लेक ठमी खोकायला लागली. वैद्य बाजारच्या गावाला, औषधाला रोख मागायचा. घरात कवडी नव्हती. ठमी खोकत खोकत आईच्या मांडीवरच गेली. तिच्या बापानं जिलेबी वाटली तो उन्हाळा सरून महिनाही झाला नव्हता.

लेकराला मातीच्या खाणीशेजारी पुरलं. पाऊस उघडल्यावर गोजरा तिथं एकटीच गेली, तिथलीच माती तिनं आणली आणि एक भांडं घडवलं. गोल पोटाचं. वर नुसती एक चीर, मिटलेल्या डोळ्यासारखी.

नवरा म्हणाला, "हे काय गं? याला तोंड कुठाय?"

"तोंड असलं की खातंय," गोजरा म्हणाली. "याला नुसतं पोट ठेवलंय."

गल्ल्यात पहिलं नाणं पडलं तेव्हा आतून बारीक खोकल्याचा आवाज आला, असं म्हणतात. नाणी पडत गेली तसा तो खोकला निवत गेला. मग गोजराचा नेमच झाला. भांडं विकलं की पहिला पैसा गल्ल्यात, मग मीठ-तेल, मग चूल. चूल पेटवून उरलेलं टाकायचं नाही. टाकून उरलेल्यावर चूल पेटवायची.

हे बघून गावातल्या बायका यायला लागल्या. त्यांची रड वेगळी होती. डाळीच्या डब्यात लपवलं तर नवऱ्याला सापडे, वळचणीत खोचलं तर पोराला सापडे. गोजरानं आपल्या घराच्या मागच्या भिंतीत कोनाडेच कोनाडे काढले. जिचा गल्ला तिनं ओल्या मातीवर आपला अंगठा उठवायचा, मग तो आव्यात भाजायचा आणि कोनाड्यात ठेवायचा. गोजरानं कायदा घालून दिला: जिचा अंगठा, तिनंच फोडायचा. भुकेला फोडायचा, दुखण्याला फोडायचा. हौसेला फोडायचा नाही.

अनुसया नावाची गोजराची एक गडीण होती, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "गोजरे, माझ्या हातात येतंय काय आणि मी टाकू काय, माझं नशीब?"

"अर्धा पैसा टाक. पण चुकवू नको. सवय पैशाला लागत नाही बये, हाताला लागते."

गडीमाणसं हसायची. म्हणायची, गोजरी भिंतीत भुतं पाळते. हसेनात का.

पुढं नवरा मेला. मुलगा राणू हाताशी आला. चाकावर बापासारखा, आणि पैशातही बापासारखाच.

एके साली पलीकडच्या गावानं जत्रेत असा दणका उडवला, ढोल काय, कुस्त्या काय, की तांबडवाडीच्या माणसांना भाकरी गोड लागेना. आपली जत्रा त्याहून मोठी करायची म्हणून गडी जमले. पैसा कुठनं आणायचा? कुणीतरी म्हणालं, "बायकांचा पैसा राण्याच्या भिंतीत कुजतोय की." राणूला मानाचा फेटा देऊ म्हणाले. झालं! राणूच पुढं होऊन दारात आला.

"आई, बाजूला हो. गावाच्या नाकाचा प्रश्न आहे."

"नाक कापलं तरी माणूस जगतं, राण्या. पोट कापल्यावर जगत नाही."

"पावसानंतर परत भरू की."

"तुझा बापही असाच भरत होता."

गोजरा दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिच्या अंगावर हात टाकायची कुणाची छाती झाली नाही. तेव्हा राणूची नजर फळीवर गेली. तिथं तिचा स्वतःचा गल्ला होता, ठमीच्या मातीचा.

"मग हा नेतो. आईचं ते लेकाचंच."

गोजराला तो धरता आला असता. पण फळीकडं धावली तर भिंत उघडी पडत होती. ती जागची हलली नाही. राणूनं गल्ला उंबऱ्यावर आपटला, आणि घरात लहान लेकराचा खोकला घुमला, असं म्हणतात. बाकीचे गडी पळत सुटले. राणूनं मात्र नाणी वेचली. सगळी वेचली.

जत्रा फार झोकात झाली. राणूला फेटा मिळाला.

त्या साली पाऊस आला नाही.

विहिरी तळाला गेल्या, गुरं माळावर आडवी झाली, घारींना उडवेना इतकं खायला मिळालं. बायका एकेक करून भिंतीकडं आल्या, अंगठ्यावर अंगठा ठेवून आपापला गल्ला घेतला, फोडला, आणि पोरंबाळं भाड्याच्या गाडीत घालून धान्याच्या मुलखाला गेल्या. पलीकडच्या गावात दारं लावायलाही माणूस उरलं नाही. तांबडवाडी जगली ती त्या भिंतीवर.

भिंतीत एकच गल्ला राहिला. अनुसयाचा. ती बाळंतपणाला माहेरी अडकली होती. आणि तो एक गल्ला राखायला गोजरा मागं राहिली, आणि तिच्यासाठी राणू.

राणू भुकेनं आणि तापानं अंथरुणाला खिळला. गोजरा त्याचा फेटा घेऊन बाजारच्या गावाला गेली. दुकानदार म्हणाला, "बाई, फेट्यावर जोंधळा कोण देतंय आता? रोख असेल तर बोल." ती तशीच परतली.

राणू भिंतीकडं बघत म्हणाला, "आई, तो एक फोड. मी जगलो तर दुप्पट भरीन."

गोजरानं गल्ला खाली घेतला. मांडीवर धरला. अनुसयाच्या अंगठ्यावर तिचा अंगठा बसत नव्हता. एक लेकरू पैसा नव्हता म्हणून गेलं होतं. दुसरं मांडीशी होतं आणि पैसाही मांडीवर होता, पण दुसरीचा. अनुसया उद्या तान्हं घेऊन आली आणि कोनाडा रिकामा दिसला तर? ती बसून राहिली. उजाडलं तेव्हा राणू गार पडला होता. त्याच फेट्यात गुंडाळून तिनं त्याला पोचवलं.

दोन दिवसांनी अनुसया आली. गल्ला जागेवर, धूळसुद्धा पुसलेली. तिनं रिकामं अंथरूण बघितलं आणि कपाळ बडवून घेतलं.

"अगं, फोडायचा होतास! मी काही बोलले असते का?"

"तुला विचारायला तू नव्हतीस," गोजरा म्हणाली. एवढंच. मग उठली, खाणीकडं चालत गेली, ठमीच्या जागेशी खाली उतरली. माती तिच्यावर आपणहून मिटली, असं म्हणतात. कुणाला ती पुन्हा दिसली नाही.

अनुसयानं त्याच खाणीतल्या मातीचा एक गल्ला केला. त्यावर तिनं अंगठा उठवला नाही.

तांबडवाडीत अजून चूल पेटवायच्या आधी बाई गल्ल्यात नाणं टाकते. लग्न ठरलेली पोर सासरी जाण्याआधी ओल्या मातीवर अंगठा उठवते. जत्रेचा खर्च गडीमाणसं स्वतःच्या कमाईतून करतात, बायकांपुढं हात पसरत नाहीत. आणि गोजराईच्या भिंतीत मधल्या कोनाड्यात एक बिनअंगठ्याचा गल्ला असतो. जिच्या घरात माणूस मरणाला टेकलंय आणि पदरात काही नाही, तिनं न विचारता तो फोडायचा. कुणी फोडला हे गाव विचारत नाही. खापऱ्या झाडून दुसऱ्या दिवशी तिथं नवा गल्ला ठेवतात, आणि गावातली प्रत्येक बाई आपल्या गल्ल्याआधी त्यात टाकते.

त्यात पहिलं नाणं पडताना बायका श्वास रोखून ऐकतात. खोकला येतो का बघतात.