तक्रारींचं दार

मालन फडतरे यांचा ‘बोरू’ हा मोबाइलवरचा फुकट मराठी कीबोर्ड, तो वापरणाऱ्यांनीच घडवला होता. कुणी चूक कळवली की मालनताई आधी ‘उपकार झाले’ असं उत्तर लिहीत आणि मगच दुरुस्तीला लागत. पुढे तक्रारी मेलच्या ढिगात हरवू लागल्या, तेव्हा त्या नोंदवायला एखादी ऑनलाइन सेवा निवडावी म्हणून बोरूची मंडळी सोलापुरात जमली.

एका बड्या कंपनीचे राजाध्यक्ष ऐटीत म्हणाले, "आमचीच सेवा घ्या. आमच्या ग्राहकांकडे तक्रार म्हणून उरत नाही!"

तेवढ्यात, ते सेवा दाखवत असतानाच, पडद्यावर त्यांच्याच सेवेतली जोडाक्षरं तुटून दिसू लागली. राजाध्यक्षांनी घाईघाईने ऑफिसला फोन लावला.

"फोन कशाला? तुमच्या सेवेतच नोंदवा की," मालनताई म्हणाल्या.

"त्याला आधी खातं लागतं, मग मंजुरी. दोन दिवस जातात," राजाध्यक्ष पुटपुटले.

"बोरू वापरणाऱ्या आमच्या अकलूजच्या शेवंताबाई दोन दिवस थांबतील होय? त्या कीबोर्डच काढून टाकतील, आणि तुमच्याकडे तक्रार उरणार नाही!"

शेवटी खातं न काढताही कुणालाही लिहिता येईल अशी साधी सेवा ठरली. निघताना मालनताईंनी राजाध्यक्षांना मनापासून हात जोडले.

"आमची होणारी चूक तुम्हीच दाखवून दिलीत. उपकार झाले!"