भिस्त्याचं वळण

आपल्या शहराची मोठी बाग ज्यानं पाहिली आहे त्याला ठाऊक असेल, की वेशीकडच्या दरवाजातून तळ्याकडे जाणारा रुंद रस्ता अगदी सरळ जातो आणि मध्येच, काही कारण दिसत नसताना, डावीकडे वळसा घेतो. पुढे पुन्हा सरळ होतो. नवखा माणूस म्हणतो, आखणाऱ्याचा हात चुकला असेल. हात चुकला नव्हता. चूक झाली होती ती वेगळीच, आणि ती ऐकायची तर फार मागं जायला हवं, इथं संस्थान होतं आणि माळावर गवताची काडी नव्हती त्या सालापर्यंत.

त्या साली पाऊस पडला नाही. आदल्या सालीही पडला नव्हता. आधी गुरं गेली, मग म्हातारी माणसं गेली, आणि उरलेले लोक पोटाची खळगी भरायला शहराच्या वाटेला लागले. महाराजांना नेमकी त्याच साली बाग हवी होती. कुणी म्हणतं हौस म्हणून, कुणी म्हणतं लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. दोन्ही खरं असेल. राजांना दोन्ही परवडतं. आखणी सबनीस नावाच्या हुशार माणसाची. मधोमध तळं, कडेनं हिरवळ, आणि दरवाजापासून तळ्यापर्यंत सरळ रस्ता, दुतर्फा कडुलिंब. दरवाजात उभं राहिलं की थेट पाणी दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. तळं अजून खणायचं होतं, आणि खणायला दुष्काळानं हाकललेली माणसं हवी तेवढी होती.

माळावर एकच विहीर जिवंत राहिली होती. हुकूम सुटला, की विहिरीचं पाणी आधी रोपांना. माणसांना दुपारी एकदा मिळेल. मध्येच कातडी मशकीतून पाणी वाहणाऱ्या कुणा भिस्त्यानं माणसाला पाणी पाजलं, तर त्याचं काम गेलं आणि त्याच्या घरच्यांचं धान्यही बंद.

त्या भिस्त्यांत कासम होता. उंच, अबोल, पाठीला मशकीचा कायमचा बाक आलेला. त्याची बायको दुष्काळाच्या पहिल्याच साली गेली होती. उरली होती एकटी जैतून, लग्नाला आलेली लेक. ती तळ्यात मातीच्या पाट्या वाहायची. कासमच्या घराण्यात एक रीत होती. तहानेला माणूस भिस्त्याशी बोलत नाही, नुसती ओंजळ धरतो. आणि दिसलेली ओंजळ भिस्ती नाकारत नाही. मशकीचं तोंड सोडतो आणि समोरच्यानं हात मागं घेईपर्यंत आवळत नाही. ही रीत मोडली तर मशकीतलं पाणी नासतं, असं म्हणतात.

आता कासमनं करायचं काय? ओंजळ भरावी तर जैतूनचं धान्य जातं. न भरावी तर बापजाद्यांची आण मोडते. इकडे आड, तिकडे विहीर. मग त्यानं माणसं काढतात तशी पळवाट काढली. दिसलेली ओंजळ नाकारता येत नाही ना, मग ओंजळ दिसायलाच नको. त्यानं पटका भुवयांखाली ओढला आणि मान खाली घातली. त्याला दिसायची ती पायाखालची जमीन आणि रोपांची आळी. दोन्ही बाजूंना ओंजळी उठायच्या आणि तशाच खाली जायच्या. कासम रोपांना पाणी घालत चालायचा. रोपं तरारली, आणि सबनीसांनी त्याला शाबासकीही दिली म्हणतात.

वैशाखात एके दिवशी बायकांना तळ्यातून काढून रस्त्याच्या भरावावर लावलं. ऊन असं, की पाटी धरवत नव्हती. जैतूनला भोवळ आली. ती एका आळ्यापाशी बसली आणि समोरून बाप येताना पाहून तिनं ओंजळ धरली. हाक मारली नाही. मुकादम जवळच उभा होता. बापाचं काम जाईल, या धाकानं पोर गप्प राहिली. कासम आला. आळ्यात पाणी सोडलं. मान खालीच ठेवून पुढे गेला.

पुढच्या खेपेला तो परतला तेव्हा ती आळ्यात पालथी पडली होती. ओली माती तिनं बोटांनी खरवडून तोंडात घेतली होती. दातांत माती तशीच होती आणि जीव गेला होता.

कासम रडला नाही. त्या रोपासमोर, आखलेल्या रस्त्याच्या ऐन मधोमध त्यानं तिला पुरलं. मग डोक्यावरचा पटका काढून कबरीवर ठेवला, मशक भरली आणि उघड्या डोक्यानं भरावावर आला. ओंजळ दिसली की थांबू लागला. मुकादम काठी उगारून धावला. कासम त्याच्याकडे बघत एवढंच म्हणाला, "तुम्ही पण तहानलेलेच दिसता. हात धरा." आणि मुकादमाच्या हातातली काठी गळाली, त्याची ओंजळ आपोआप जुळली.

असं म्हणतात, की त्या दिवशी ती मशक रिती झाली नाही. तळ्यात हजारो माणसं होती, सगळी प्याली, एकेकाच्या तोंडाकडे बघत कासमनं पाजलं. सबनीस धावत आले आणि म्हणाले, रोपं मरतील. कासम म्हणाला, "मरू देत, साहेब. झाडांकडे बघत राहिलो आणि लेक पाहिली नाही."

शेवटचा माणूस पिऊन उठला तेव्हा मशकीचं कातडं कडकडीत वाळलं होतं. कासम तसाच चालत कबरीपाशी गेला, आडवा झाला, आणि उठला नाही. त्याला लेकीशेजारीच पुरलं. त्या उन्हाळ्यात दुतर्फाचे सगळे कडुलिंब जळाले. कबरीजवळचा एक तेवढा जगला, आणि त्याच्या बुंध्याची माती भर उन्हातही ओली असते, असं म्हणतात.

पुढे पाऊस झाला, नवी झाडं लागली. महाराजांनी कबरी हलवायला सांगितलं. सबनीसांनी नकार दिला, स्वतःच्या हातानं रस्ता वळवला आणि नोकरी सोडून गेले. त्यामुळे आजही दरवाजात उभं राहिलं की तळ्याचं पाणी दिसत नाही.

तर मंडळी, दर वैशाखात त्या वळणावर ‘कासमचं पाणी’ नावाची रीत पाळतात. ना मुल्ला लागतो, ना भटजी. शहरातले बाप आपापल्या लेकींना घेऊन येतात, कडुलिंबाखाली उभे राहतात आणि घागरीनं त्यांच्या ओंजळीत पाणी घालतात. पोरी खट्याळ असतात. पोट भरलं तरी हात मागं घेत नाहीत, कोपरापर्यंत भिजतात, खिदळतात. बापाचे हात भरून येतात, घागरीमागून घागर रिती होते. पुरे म्हणायचा हक्क फक्त लेकीचा. ती म्हणेपर्यंत बापानं तिच्या तोंडावरची नजर काढायची नाही, आणि आजवर एकाही बापानं काढलेली नाही.